हायड्रोजनसाठी काळोख

महाडला निघालोय असं पुण्यात कुणालाही सांगितलं की तो विचारतो, "रायगड?" आपण "नाही" म्हटलं की त्याच्या नजरेत आपल्याविषयी एक बारीकशी शंका उमटते. ही शंका पदरात घेऊन मी आणि माझा मित्र मुकुंद डिसेंबरात महाडला गेलो, पाचाडच्या रस्त्याकडे पाठ फिरवून पोलादपूरकडे वळलो आणि तिथल्या एका डोंगरवाडीत राहून आलो. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी जाईल, आणि जाऊन बघण्यासारखं तिथं काही नाही. आम्ही गेलो तेही त्याचसाठी. रात्री जिथं काहीही दिसत नाही, अशी जागा मुकुंदला हवी होती.

मुकुंद माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्याने ते करण्यात. एका सरकारी संस्थेत तो वातावरणाच्या अगदी वरच्या टोकाचा अभ्यास करत असे. तिथं हवा संपत आलेली असते आणि उरतो तो बहुतेक हायड्रोजन, तोही सुटासुटा, एकेक अणू. सूर्यप्रकाश पडला की हे अणू अतिनील प्रकाशाने उजळतात. म्हणजे पृथ्वीभोवती कायमची एक प्रभावळ आहे; देवादिकांच्या चित्रांतल्यासारखी, फक्त इथं ती खरी आहे आणि आपल्याला दिसत नाही. खालची हवा अतिनील प्रकाश गिळून टाकते. वर फिरणाऱ्या उपग्रहाला मात्र ती दिसते, आणि तिच्या उजेडावरून तिथं किती हायड्रोजन आहे हे काढता येतं. हेच अणू थोडासा तांबडा प्रकाशही देतात. तो जमिनीपर्यंत पोचतो, पण इतका मंद की त्याच्यापुढे काजवा म्हणजे ट्रकचा दिवा.

एका परदेशी उपग्रहाने अशी मोजदाद करून आकडे दिले होते. मुकुंदचं म्हणणं, उपग्रहाचा डोळा म्हातारा झाला आहे, त्याला कमी दिसतं, म्हणून हायड्रोजनही कमी भरतो. हे तो कित्येक परिषदांमधून सांगत आला होता आणि ऐकणारे आदराने मान डोलावून चहाला जात होते. सिद्ध करायला एकच वाट होती. उपग्रह ज्या संध्याकाळी आपल्या बाजूचं आकाश मोजेल, त्याच संध्याकाळी खालून तो तांबडा प्रकाश मोजायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. त्याला चंद्र नको, ढग नको आणि दिवा तर अजिबात नको. वर्षअखेरीला मुकुंद निवृत्त होणार होता आणि त्याचं यंत्र संस्थेच्या भांडारात जमा होणार होतं. भांडारात गेलेली वस्तू तिथं पुन्हा कुणी पाहिलेली नाही. म्हणजे ही त्याची शेवटची अमावास्या होती.

महाड

वरंधा घाटात भज्यांसाठी थांबलो. मुकुंदच्या हातातलं पहिलंच भजं माकडाने नेलं. ते त्याने शांतपणे सहन केलं, पण तेच माकड यंत्राच्या पेटीवर जाऊन बसलं तेव्हा त्याने जो आवाज काढला, तो मी चाळीस वर्षांच्या मैत्रीत ऐकला नव्हता. पेटी म्हणजे माणूसभर लांबीचा एक काळा पत्र्याचा डबा. आत समोरासमोर दोन काचा, एक लाल गाळणी आणि शेवटी प्रकाशाचे कण मोजणारी नळी. ही नळी अंधारात जगते. चालू असताना तिच्यावर जोरदार उजेड पडला तर ती कायमची आंधळी होते.

संस्थेच्या गाडीने आम्हांला महाडात सोडलं आणि ती परत गेली. तिला जिल्ह्याबाहेर मुक्काम करण्याची परवानगी नव्हती. पुढच्या प्रवासासाठी अब्बासभाईंची जीप ठरवली. अब्बासभाई बरीच वर्षं कुवेतला ट्रक चालवत होते. लढाई सुरू झाली तेव्हा परत आले आणि महाडात त्यांनी दोन जीपगाड्या घेतल्या. लॉजवर जेवायचं नाही, असा त्यांनी हुकूमच काढला. त्यांच्या घरी तांदळाची पातळ भाकरी आणि खाडीच्या माशाचं कालवण होतं. पुण्यात पाहुण्याला आणखी हवं का, असं विचारतात. इथं विचारत नाहीत. आतून बाईंचा आवाज येतो, "त्यांच्या ताटात काय नाय," आणि ताट पुन्हा भरतं.

"तर साहेब, डोंगरात काय मोजायचं हाय म्हणता?" अब्बासभाईंनी विचारलं.

"हायड्रोजन," मुकुंद म्हणाला.

अब्बासभाईंचा घास हातातच राहिला. त्याच उन्हाळ्यात पोखरणला स्फोट झाले होते. हायड्रोजन हा शब्द वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवला होता, पण एकट्याने नव्हे. त्याच्यामागून बॉम्ब यायचाच.

"तो बॉम्बवाला?"

"छे, छे! बॉम्बशी आमचा काही संबंध नाही."

"समजलं," अब्बासभाई म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी शेजारची खिडकी लावून घेतली. "माझ्याकडून कुणाला कळणार नाय."

पोलादपूर

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूरला पोचलो तेव्हा स्टँडवरच्या चहावाल्याने आमचे पैसे घेतले नाहीत. "देशाचं काम करताव," तो म्हणाला. मुकुंद त्याला समजावू लागला की हे देशाचं काम नाही. चहावाल्याने समजून उमजून डोळा मारला.

वाडीत राहायचं तर पंचायत समितीच्या सभापतींना भेटायला हवं, असं कुणीतरी सुचवलं होतं. सभापतींच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल होता, त्यावर पांढऱ्या कपड्यांतले सभापती होते, आणि कडक इस्त्रीमुळे दोघांपैकी कोण कुणावर टेकलंय हे चटकन कळत नव्हतं. त्यांनी उठून आम्हांला हार घातले. हार तयार होते, म्हणजे अब्बासभाईंनी गुप्तता चांगलीच पाळली होती.

"तालुक्याचं भाग्य!" सभापती म्हणाले. "बोला साहेब, आमच्याकडून काय सेवा पाहिजे?"

"काहीच नको," मुकुंद म्हणाला. "तुमच्याकडे काळोख फार चांगला आहे, म्हणून तर आलो. असा काळोख पुणे-मुंबईच्या आसपास कुठंही उरलेला नाही."

मुकुंदने हे मनापासून, कौतुकाने म्हटलं होतं. एखाद्याच्या आमराईची तारीफ करावी तसं. सभापतींचा चेहरा मात्र उतरला. खोलीतले बाकीचे लोक पायांकडे बघू लागले. दिल्लीहून (आम्ही पुण्याहून आलो होतो, पण त्यांच्या लेखी दिल्लीच) इतका मोठा माणूस येतो आणि भर दरबारात तालुक्याच्या काळोखाचा उल्लेख करतो, याचा अर्थ राजकारणातल्या माणसाला एकच कळतो.

"साहेब, मी समजलो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नोंद घेतली मी."

बाहेर आल्यावर मुकुंद खूश होता. "समंजस माणूस आहे," म्हणाला. "काळोखाचं महत्त्व चटकन कळलं त्याला."

वाडी

पोलादपूर सोडल्यावर जीप तास-दीड तास चढत होती. भातं कापून झाली होती, रिकाम्या खाचरांत वाल उगवून आला होता आणि डोंगरउतारांवर नाचणीची खुंटं उरली होती. वाडीत माणसं थोडी, त्यांतले तरुण बहुतेक मुंबईत. घरोघरी एकेक दिवा आला होता, पण विजेचा दाब इतका कमी की दिवा लागला आहे की नाही हे बघायला कंदील लागावा. रस्त्यावर तर एकही दिवा नव्हता. पश्चिमेला डोंगराची एक धार महाडच्या कारखान्यांचा उजेड अडवत होती. मुकुंद त्या धारेकडे असा बघत होता, जसे लोक हिमालयाकडे बघतात.

उतरलो सरपंच गंगाराम पार्टे यांच्या घरी. गंगारामदादा शांत, थोडं बोलणारे. त्यांची बायको पार्वतीकाकू त्यांच्या वाट्याचंही बोलणाऱ्या. मुलगा सुनील भांडुपला कंपनीत होता आणि सुट्टीवर आला होता. काकूंनी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मुकुंद त्या चटणीने घायाळ झाला, पण तिसऱ्या भाकरीलाही नाही म्हणाला नाही.

"तुमच्या पेटीत काय हाय, ता मी इचारायची नाय," काकू म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलंय, इचारू नको."

"अहो विचारा की! त्यात काही लपवण्यासारखं नाही."

"ह्ये बी त्यांनी सांगितलंय, असंच बोलनार म्हनून."

यंत्र वाडीच्या वरच्या सड्यावर मांडलं. सडा म्हणजे काळ्या खडकाचं उघडं पठार. त्याच्या कडेनेच झऱ्यावर पाण्याला जायची पायवाट. पहिली संध्याकाळ काचा जुळवण्यात गेली. वीज जीपच्या बॅटरीतून घेतली होती. सकाळी जीप हूं की चूं करेना. अख्ख्या वाडीने ती उतारापर्यंत ढकलत नेली, पोरांनी आरोळ्या ठोकल्या, आणि अब्बासभाई स्टिअरिंगवर बसून म्हणाले, "बॉम्ब बनवायला निघालेत, बॅटरी माझी!"

दुपारी ट्रॅक्टर आला. त्याच्यावर लोखंडी खांब, तारेचं वेटोळं आणि चार माणसं. त्यांनी कुणाला काही न विचारता सड्यावर, आमच्या पेटीपासून हाकेच्या नव्हे, खोकल्याच्या अंतरावर खड्डा खणायला घेतला. वाडी गोळा झाली. सभापतींचा खास आदेश होता: साहेब लोक काळोखात बसतात, ही तालुक्याला शोभणारी गोष्ट नाही. या दिव्यासाठी वाडीने किती वर्षं हेलपाटे घातले होते ते गंगारामदादांनी सांगितलं नाही, फक्त खांबावर एकदा हात फिरवला. संध्याकाळपर्यंत खांब उभा होता, वर पाऱ्याचा मोठा दिवा होता, आणि मुकुंद एका दगडावर डोकं धरून बसला होता.

"आज लागणार?" मी लाइनमनला विचारलं.

"नाय साहेब. उद्घाटनाबिगर बटण दाबायचं नाय, असा आर्डर हाय. उद्या दिवेलागणीला सभापतीसाहेब सोता येतायत."

उद्या अमावास्या होती. उपग्रह आमच्या बाजूचं आकाश मोजणार होता तो उद्याच, त्याच वेळी. पुढे नाही, मागे नाही.

अमावास्येचा विचार

आधी आम्ही सरळ रस्त्याने गेलो. ओसरीवर बसून मुकुंदने गंगारामदादांना सगळं समजावून सांगितलं: प्रभावळ, तांबडा प्रकाश, आंधळी होणारी नळी. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजे दिवा उद्या नको. परवा चालंल."

"परवापासून कायम लावा! आम्ही जातोच आहोत."

"साहेब, सभापती एकदा यायचं बोलले आनि आपन नको बोललो, तर त्ये परत यायचे नायत. राग धरतील. खांब उपटतील आनि दुसऱ्या गावात नेऊन लावतील." ते थांबले. "तुमी मोठी मानसं. तुमीच सांगा, मी गावाला काय सांगू?"

आतून काकू बाहेर आल्या. "त्या वाटंवर माझ्या सासूला फुरसं चावलं. भरल्या हंड्यासकट पडली ती. दिवा असता तर दिसलं असतं." त्या एवढंच बोलल्या आणि पुन्हा आत गेल्या. आभाळातला हायड्रोजन काकूंच्या सासूपुढे फार हलका होता.

तेव्हा सभापती स्वतःहून म्हणतील की उद्या नको, असं कारण हवं होतं. ते कारण भिंतीवरच्या कालनिर्णयवर काळ्या ठिपक्यात छापलेलं होतं.

"दादा, उद्या अमावास्या आहे," मी म्हणालो.

"हाय ना. आमी बी बोललो. पन सभापतीसाहेब म्हनाले, हा विज्ञानाचा कारेक्रम, शास्त्रज्ञ पावने म्हनून. अवस पाळली तर आपलंच हसं व्हईल."

इथं मुकुंदविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्याने स्वतःचं लग्न मुद्दाम अमावास्येला केलं होतं. संस्थेत नवं यंत्र आलं की त्याच्यापुढे नारळ फोडण्यावरून तो दरवेळी भांडायचा. गणेशोत्सवात त्याचं अंधश्रद्धेवरचं व्याख्यान ठरलेलं असायचं, आणि ते ऐकून घरी जाताना लोक मांजर आडवं गेलं तर थांबायचे, पण जरा लाजून. तो मुकुंद आता माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं. हे पाप करायचं तर त्यानेच करायला हवं होतं. माझ्या शब्दाला हायड्रोजनचं वजन नव्हतं.

"पाळावी," मुकुंद म्हणाला.

"काय?"

"अमावास्या. पाळावी. नवीन काम... उजेडाचं काम तर अजिबातच करू नये." एकदा सुरुवात झाल्यावर त्याला अडचण आली नाही. "त्या रात्री उजेडच करू नये खरं तर. घरातलेही दिवे शक्यतो लावू नयेत. आकाशात त्या वेळी... काही गोष्टी चालू असतात."

शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं.

कोपऱ्यात बिडी ओढत बसलेला एक म्हातारा ताठ झाला. "मी काय बोललो व्हतो, गंग्या? काय बोललो व्हतो मी? आता सायंटिस बोलतोय बघ!"

अब्बासभाई निरोप घेऊन पोलादपूरला गेले आणि आले ते हसतच. "सभापती काय बोलले सांगू? बोलले, मी कुठं मानतो अवस-बिवस, पण शास्त्रज्ञांचा आग्रह असेल तर माझा नाइलाज हाय. आणि साहेब, असा श्वास सोडला त्यांनी! बायकोनं सकाळपासून डोकं खाल्लेलं त्यांचं. परवा येतायत."

बातमी वाडीत फिरली. सुनीलला दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने मुंबईला कामावर जायचं होतं. काकूंनी त्याची बॅग परत माळ्यावर टाकली. साहेब बोललेत म्हणजे प्रवास बंद. सुनील आमच्याकडे येऊन म्हणाला, "थँक्यू साहेब. एक दिवस वाढला. सुपरवायझरला सांगतो, अणुशास्त्रज्ञांनी अडवलं." मुकुंदने त्याला समजवायचा प्रयत्न केला की तू खुशाल जा. सुनील ऐकायला तयार नव्हता. अंधश्रद्धेचा एवढा फायदा त्याला आयुष्यात पहिल्यांदा झाला होता.

अवस

त्या संध्याकाळी दिवेलागणीची वेळ आली आणि दिवे लागले नाहीत. खालची वाडी सावकाश विझत गेली. आधी घरं, मग झाडं, मग खुद्द डोंगर. मी बरेच अंधार पाहिलेत, पण त्यांत कुठेतरी एखादी खिडकी, एखादी विडी असतेच. इथं स्वतःचा हात आहे हे लक्षात ठेवावं लागत होतं. वर तारे असे दाट की आभाळाला स्वच्छ म्हणावं की गिचमीड, कळेना.

मुकुंदने पेटीचं झाकण उघडलं. आमच्यासाठी सूर्य केव्हाच बुडाला होता, पण हजारो मैल वर तो अजून तळपत होता आणि तिथले सुटे अणू त्याच्या उजेडात न्हात होते. त्यांच्यातला चिमूटभर तांबडा उजेड दोन काचांमधून नळीवर पडत होता. कागदाच्या पट्टीवर मोजणी उमटवणारं पेन सरकू लागल्याचा आवाज आला. आम्हांला ते दिसत नव्हतं. मुकुंद त्याच्यावर कान देऊन बसला होता.

आणि मग खालून पायवाटेवर काहीतरी खडखडलं. दगड घरंगळला.

"कोण आहे?"

"मी सुनील. आईनं चहा दिलाय."

"अरे, या वाटेनं? बॅटरी घेऊन यायचं ना!" मुकुंद ओरडला. आणि त्याच दमात, "आणली नाहीस ना?"

"नाय. तुमीच बोललात ना, अवसेला उजेड नको. चपलासुद्धा हातात घेतल्यात, पायाला वाट कळते मग."

किटली माझ्या हातात आली, मग सुनीलचा हात, थंडगार आणि खडबडीत. आम्ही त्याला परत जाऊ दिलं नाही. घोंगडीत बसवून घेतलं आणि उजाडेपर्यंत तिघेही तिथंच बसलो. सुनीलने विचारलं, हे वरचं सगळं मोजून झालं की काय करणार? मुकुंद म्हणाला, "एका माणसाला दाखवणार की तो चुकलाय." "कोन मानूस?" "माणूस नाही, यंत्र आहे." "यंत्राला वाईट वाटनार नाय?" सुनील म्हणाला आणि स्वतःच हसला.

उजेड

कार्यक्रम चारला होता, म्हणून सभापती सूर्य मावळताना आले. मांडव, लाऊडस्पीकर, शाली, श्रीफळं. खांबाच्या बटणाला लाल फीत बांधली होती. फीत कापायची की बटण दाबायचं यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सभापतींनी कापायची आणि डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे मुकुंदने, दाबायचं असं ठरलं. सभापतींचं भाषण लांबलं. "आमच्या तालुक्यात अमावास्या पाळली जाते म्हणून शहरी लोक हसतात. पण ज्यांनी हायड्रोजनला हात घातला ते शास्त्रज्ञ स्वतः सांगतात, पाळा म्हणून! आपले पूर्वज खुळे नव्हते!" टाळ्या. ओसरीवरच्या त्या बिडीवाल्या म्हाताऱ्याला उभं करून नारळ देण्यात आला.

मुकुंद शाल सांभाळत माइकपाशी गेला. मला वाटलं, आभार मानून बसेल.

"अमावास्येला काही वाईट नसतं," तो म्हणाला. "परवा मी खोटं बोललो. मला माझ्या कामासाठी काळोख हवा होता, आणि तो मिळवायला दुसरा उपाय सुचला नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला. कृपा करून तो काढून घ्या."

मग सभापती उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "किती हा विनय!" त्यांनी माइक घेतला. "सरकारी माणसाला जाहीरपणे असंच बोलावं लागतं, मंडळी. आपण समजून घ्यायचं." मंडळींनी समजून घेतलं.

एकट्या काकूंनी टाळी वाजवली नाही. गर्दीतून पुढे येऊन त्या मुकुंदसमोर उभ्या राहिल्या. "म्हंजे खोटं व्हतं?"

"हो."

"माझा सुनील त्या वाटंनं बिनबत्तीचा गेला. तुमच्या बोलन्यावर. आनि मी पाठवला."

"हो, काकू."

त्या बघत राहिल्या. मुकुंदने मान खाली घातली नाही, पण त्याला ती वर ठेवायला कष्ट पडत होते. "बटन दाबा आता," काकू म्हणाल्या.

त्याने दाबलं. जल्लोष झाला आणि काहीच लागलं नाही. पाऱ्याच्या दिव्याला तापायला वेळ लागतो. सभापतींनी लाइनमनकडे बघितलं, लाइनमनने वर बघितलं. मग काचेच्या आत एक जांभळट ठिपका उगवला आणि रेंगाळत मोठा होऊ लागला. मुकुंद माझ्या कानाशी पुटपुटला, "अतिनील. आत पाऱ्याचे अणू अतिनीलच देताहेत, काचेवरचा लेप त्याचा पांढरा करतो." हळूहळू सडा उजळला. माणसांचे चेहरे, मग पायवाट, मग तिच्या कडेचे सगळे दगड एकेक करून दिसू लागले. काकू त्या वाटेने झऱ्यापर्यंत चालत गेल्या, रिकाम्या हाताने, आणि तशाच परत आल्या.

निघताना त्यांनी मुकुंदकडे बघितलं नाही. नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या हातात दिली.

पुणे

निवृत्तीनंतर आकडेमोड मुकुंदने घरी जेवणाच्या टेबलावर केली. फेब्रुवारीत एका दुपारी तो आला, खुर्चीत बसला आणि चहा नको म्हणाला. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

"उपग्रह बरोबर आहे," तो म्हणाला. "त्याचा डोळा ठणठणीत आहे. इतकी वर्षं मीच चूक बोलत होतो. तसं लिहून पाठवलंय मी."

"एकदा पुन्हा तपासून बघायचंस. हवेतला धुरळा, धुकं, कसला तरी उजेड..."

"तेच तर शोधत होतो रे दोन महिने." त्याने डोळे चोळले. "पट्टीवर एवढासाही डाग नाही. असा काळोख मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. त्या रात्री वाडीत कुणी नुसती काडी ओढली असती ना, तरी मी मरेपर्यंत भांडत राहिलो असतो."